मातीच्या दृढीकरणासाठी वेगवान सॉल्व्हर कसा बांधावा

संपृक्त चिकणमातीवर भराव टाकला की वाढीव भार सुरुवातीला पाणी उचलते. पाणी हळूहळू निचऱ्याच्या थराकडे जाते, रंध्रदाब (मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा वाढीव दाब) उतरतो, भार मातीच्या कणांवर येतो आणि जमीन खचते. यालाच दृढीकरण म्हणतात. गणिताच्या दृष्टीने हे विसरणाचे समीकरण आहे, आणि ते सोडवणे अवघड नाही. अडचण काळाच्या आवाक्याची आहे. निचऱ्याच्या कडेला पहिल्या काही तासांतच दाब झपाट्याने उतरतो, तर थराच्या मध्यभागी वीस वर्षांनंतरही थोडा दाब उरलेला असतो. ही दोन्ही टोके एकाच अंतराच्या ग्रिडवर (थराचे गणनेसाठी पाडलेले कप्पे) आणि एकाच लांबीच्या टाइम स्टेपने (काळाच्या तुकड्याने) पकडायला गेलो की बहुतेक श्रम वाया जातात. म्हणून संगणक किंवा लायब्ररी बदलण्याआधी ग्रिड आणि स्टेप यांचा विचार करावा.

खाली एकमितीय सॉल्व्हर (हे समीकरण सोडवणारा प्रोग्राम) पूर्ण बांधला आहे. त्यानंतर उभे ड्रेन, अरेषीय माती आणि शेवटी द्विमितीय-त्रिमितीय कपल्ड प्रश्न (जिथे दाब आणि मातीची हालचाल एकत्र सुटतात) येतात. उदाहरण सगळीकडे एकच: १० मीटर जाडीचा चिकणमातीचा थर, वर आणि खाली दोन्हीकडे निचरा, सीव्ही (दृढीकरणाचा वेग ठरवणारा गुणांक) २ चौरस मीटर प्रतिवर्ष, एमव्ही (दर किलोपास्कलला माती किती आवळते तो गुणांक) ०.०००५ प्रति किलोपास्कल, भार १०० किलोपास्कल. अंतिम सेटलमेंट (जमिनीचे एकूण खचणे) ०.०००५ × १० × १०० म्हणजे ०.५ मीटर.

समीकरण कोणत्या रूपात घ्यायचे

पाठ्यपुस्तकात टेरझागींचे दृढीकरणाचे समीकरण ‘दाबाचा कालदर = सीव्ही × दाबाची दुसरी अवकलजा’ असे दिलेले असते. कोडमध्ये हे रूप घेऊ नका. एकाच प्रकारची माती असेल तर ते चालते, पण थर बदलले की चुकते. दोन थरांची सीव्ही सारखी आणि पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दहापट वेगळी असू शकते. सीव्हीचे समीकरण त्या दोन्ही थरांना एकच समजते, कारण थरांच्या सीमेवर प्रवाह अखंड राहिला पाहिजे ही अट त्यात कुठेच नाही.

त्याऐवजी पाण्याचा हिशेब लिहा. प्रत्येक नोडला (ग्रिडवरच्या दाब काढण्याच्या बिंदूला) त्याच्या वरच्या आणि खालच्या अंतराचा अर्धा-अर्धा भाग जोडून द्या. मग दोनच राशी लागतात:

साठा = एमव्ही × नोडच्या वाट्याची जाडी
वहन = पारगम्यता ÷ (पाण्याचे एकक वजन × दोन नोडमधले अंतर)

आणि प्रत्येक नोडसाठी एक समीकरण:

(साठा ÷ स्टेप) × (नवा दाब − जुना दाब − भारवाढ) = वरचे वहन × (वरचा दाब − नवा दाब) + खालचे वहन × (खालचा दाब − नवा दाब)

पाण्याचे एकक वजन ९.८१ किलोन्यूटन प्रति घनमीटर. थरांच्या प्रत्येक सीमेवर नोड ठेवा. तसे केले की कोणतेही वहन एकाच थरातून जाते आणि सरासरी काढण्याचा प्रश्नच उरत नाही. सीमेवरच्या नोडचा साठा मात्र दोन्ही थरांच्या अर्ध्या-अर्ध्या जाडीचा, ज्याचा त्याचा एमव्ही वापरून काढावा. निचरा नसलेल्या तळाला खालचे वहन शून्य आणि साठा अर्ध्याच जाडीचा. निचऱ्याच्या कडेला अतिरिक्त दाब शून्य.

आपल्या उदाहरणात पारगम्यता सीव्ही × एमव्ही × ९.८१ म्हणजे ०.००९८१ मीटर प्रतिवर्ष येते, सेकंदाच्या हिशेबात साधारण ३.१ × १०⁻¹⁰ मीटर. आकडे मीटर, किलोपास्कल आणि दिवस या एककांत ठेवा. पास्कल आणि सेकंद घेतले की समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये अतिशय मोठे आणि अतिशय लहान आकडे शेजारी येतात. एकमितीय प्रश्नात त्याचा फारसा त्रास होत नाही, पण कपल्ड प्रश्नात इटरेटिव्ह (फेऱ्या घेत उत्तराकडे जाणारा) सॉल्व्हर त्यावरच अडखळतो. प्रयोगशाळेचा अहवाल सीव्ही चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंदात देत असेल तर १ चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३१५३.६ चौरस मीटर प्रतिवर्ष.

ग्रिड: कडेला बारीक, मध्ये जाड

दाबाचा बदल एखाद्या काळात जितका आत शिरतो ती लांबी साधारण सीव्ही × काळ याचे वर्गमूळ असते. एका दिवसानंतरचे उत्तर हवे असेल तर २ × ०.००२७४ याचे वर्गमूळ, म्हणजे ०.०७४ मीटर. या लांबीत तीन-चार कप्पे बसले पाहिजेत, म्हणून पहिला कप्पा २ सेंटिमीटरचा घ्या.

आता संपूर्ण १० मीटर २ सेंटिमीटरने कापले तर ५०० कप्पे होतात. त्याऐवजी कडेपासून आत जाताना प्रत्येक कप्पा आधीच्याच्या १.२ पट घ्या: २२ कप्प्यांत ५ मीटर ओलांडले जातात. दोन्ही बाजू मिळून ४४ कप्पे. नेमके ५ मीटर भरावेत म्हणून सगळ्या कप्प्यांना एकाच गुणकाने किंचित आवळा. पट १.३ च्या पुढे नेऊ नका, कारण शेजारच्या कप्प्यांत फार तफावत असली की सहसा अचूकता घटते. मध्ये वाळूचा थर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनाही असेच बारीक कप्पे लागतात, कारण चिकणमातीसाठी तीसुद्धा निचऱ्याची कड आहे.

ग्रिडवर हमखास होणारी एक चूक. दृढीकरणाची टक्केवारी काढताना सुरुवातीच्या दाबाची बेरीज ग्रिडवरून घेतली जाते. कडेच्या नोडवर शून्य दाब आधीच लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही कडांचे अर्धे-अर्धे कप्पे या बेरजेतून गळतात. १० समान कप्पे असतील तर पहिली स्टेप घेण्याआधीच १० टक्के पाणी हिशेबातून नाहीसे झालेले असते. भागाकारातली बेरीज नेहमी भार × जाडी अशी थेट काढा.

स्टेप: एक्सप्लिसिट पद्धत कुठे महाग पडते

र ही संख्या अशी घ्या: र = सीव्ही × स्टेप ÷ (कप्प्याच्या जाडीचा वर्ग). एक्सप्लिसिट पद्धत (नवा दाब थेट जुन्या दाबांवरून काढणारी) र ०.५ च्या वर गेला की फुटते, म्हणजे उत्तर बेसुमार वाढत जाते. २ सेंटिमीटरच्या कप्प्याला त्याचा अर्थ ०.०००१ वर्ष, म्हणजे जेमतेम ५३ मिनिटांची स्टेप. तीस वर्षांसाठी ३ लाख स्टेप, आणि ५०१ नोड म्हटले की १५ कोटी नोड-गणने. शिवाय कप्पा निम्मा केला की स्टेप चौथाईवर येते आणि एकूण काम आठपट होते. थरात कुठे एक पातळ, जास्त पारगम्य पट्टा असेल तर संपूर्ण थराची स्टेप तोच ठरवतो.

एका साध्या थरासाठी एक गणना करायची असेल तर आजच्या संगणकावर हेही चालून जाईल, आणि अशा कामाला उगाच इम्प्लिसिट (सगळे नवे दाब एकत्र सोडवणारा) कोड लिहीत बसण्याची गरज नाही. पण बॅक-अ‍ॅनालिसिस (मोजमापांवरून मातीचे गुणधर्म उलट शोधणे), शेकडो बोअरहोल किंवा मॉन्टे कार्लो (गुणधर्म यादृच्छिक बदलून पुन्हा पुन्हा गणना) आले की हीच गणना हजारो वेळा करावी लागते, आणि तिथे फरक पडतो.

इम्प्लिसिट पद्धतीत स्टेप स्थिरतेने नव्हे, अचूकतेने ठरते. सोपी आणि भरवशाची मांडणी: पहिली स्टेप ०.१ दिवस, दहा स्टेप झाल्या की स्टेप दुप्पट, पुन्हा दहा, पुन्हा दुप्पट. तीस वर्षे चौदा टप्प्यांत, म्हणजे १४० स्टेपमध्ये संपतात. ४५ नोड × १४० स्टेप म्हणजे ६३०० नोड-गणने. प्रत्येक गणन्याला एक्सप्लिसिटपेक्षा काही पट काम लागते हे धरूनही १५ कोटींशी तुलनाच होत नाही.

दहा स्टेप एकाच लांबीच्या ठेवण्यामागे कारण आहे: तेवढ्या काळात मॅट्रिक्स बदलत नाही, त्यामुळे तिचे विघटन (सोडवायला सोप्या घटकांत फोड) टप्प्यातून एकदाच करावे लागते. एकमितीय प्रश्नात ही बचत किरकोळ असते, त्रिमितीय प्रश्नात मात्र बहुतेक वेळ त्यातच जातो.

भराव टप्प्याटप्प्याने येत असेल तर प्रत्येक टप्प्याला स्टेप पुन्हा ०.१ दिवसावर आणा. हे विसरल्यास दुसऱ्या टप्प्याचा सुरुवातीचा दाब एका महिन्याच्या स्टेपमध्ये गिळला जातो, आणि उताराच्या स्थिरतेसाठी नेमका हवा असलेला कमाल रंध्रदाब कमी दिसतो. ही चूक सेटलमेंटच्या आलेखात जवळपास दिसत नाही, म्हणून ती धोकादायक आहे.

क्रँक-निकोल्सन का डोलते

१९४७ ची क्रँक-निकोल्सन पद्धत (उजव्या बाजूत जुन्या आणि नव्या दाबांची सरासरी घेणारी) दुसऱ्या क्रमाची अचूक आणि कायम स्थिर आहे, म्हणून सगळे आधी तीच निवडतात. पण कडेला दाब एका क्षणात १०० वरून शून्यावर येतो. या तीव्र उडीतला सर्वांत बारीक लहरींचा भाग दर स्टेपला (१ − २र) ÷ (१ + २र) ने गुणला जातो. र ५० असेल तर हा गुणक −०.९८ आहे: चिन्ह दर वेळी उलटते आणि आकार जवळजवळ तसाच राहतो. पन्नास स्टेपनंतरही ३७ टक्के लहर शिल्लक असते. पद्धत स्थिर असूनही कडेजवळ ऋण रंध्रदाब दिसतात, ते यामुळेच. बॅकवर्ड ऑयलरचा (म्हणजे वरच्या समीकरणासारखे उजवीकडे फक्त नवे दाब घेणाऱ्या पद्धतीचा) गुणक त्याच ठिकाणी १ ÷ (१ + ४र), म्हणजे १ ÷ २०१, म्हणून तिथे लहर पहिल्याच स्टेपमध्ये मरते. तिची अचूकता मात्र पहिल्याच क्रमाची आहे.

दोन मार्ग आहेत. पहिला: प्रत्येक भारवाढीनंतर क्रँक-निकोल्सनच्या पहिल्या दोन स्टेपऐवजी निम्म्या लांबीच्या चार बॅकवर्ड ऑयलर स्टेप घ्या, मग नेहमीची पद्धत सुरू करा. दुसरा: टीआर-बीडीएफ-टू. यात प्रत्येक स्टेपचे दोन भाग पडतात, आधी क्रँक-निकोल्सन आणि मग मागच्या दोन उत्तरांवर आधारलेला; पहिला भाग स्टेपच्या २ − √२ म्हणजे ०.५८६ इतका ठेवला की दोन्ही भागांना एकच मॅट्रिक्स लागते. अचूकता दुसऱ्या क्रमाची आणि लहरीही विझतात. नवा कोड लिहिणार असाल तर ही दुसरी पद्धत घ्या, कारण भारवाढीनंतर पद्धत बदलून घेतलेल्या वेगळ्या स्टेप तिला लागत नाहीत.

फायनाइट एलिमेंटमध्ये (मातीचे एलिमेंट नावाचे तुकडे पाडणाऱ्या पद्धतीत) उलट दिशेचा सापळा आहे. तिथे स्टेप फार लहान घेतली तरी दाब डोलतो. साठ्याची मॅट्रिक्स शेजारच्या नोडवर पसरलेली असते, आणि र १ ÷ ६ च्या खाली गेला की बॅकवर्ड ऑयलरमध्येही कडेजवळचा दाब मूळ दाबाच्या वर उसळतो. व्हर्मीर आणि व्हेरुइत यांनी १९८१ मध्ये दिलेली किमान स्टेपची अट हीच. १० सेंटिमीटरचे एलिमेंट आणि आपली सीव्ही घेतल्यास ती साधारण ७.३ तास येते. दाब डोलला म्हणून स्टेप आणखी लहान केली की परिस्थिती बिघडते. उपाय म्हणजे कडेजवळचे एलिमेंट बारीक करणे, किंवा साठ्याची मॅट्रिक्स कर्णावर गोळा करणे. वर मांडलेल्या, प्रत्येक नोडला त्याच्या वाट्याची जाडी देणाऱ्या पद्धतीत साठा आधीच कर्णावर असतो, म्हणून तिथे ही अट लागत नाही.

एका स्टेपचे काम, क्रमाने

१. प्रत्येक नोडचा कर्ण-घटक = साठा ÷ स्टेप + वरचे वहन + खालचे वहन. शेजारचे घटक = वजा वहन.
२. उजवी बाजू = (साठा ÷ स्टेप) × (जुना दाब + या स्टेपमधली भारवाढ).
३. निचऱ्याच्या नोडची ओळ काढून टाका; दाब शून्य असल्याने उजव्या बाजूत काही भर पडत नाही.
४. वरून खाली येताना प्रत्येक ओळीतून आधीच्या ओळीचा योग्य पट वजा करा, मग खालून वर जाताना दाब काढा. हा थॉमस अल्गोरिदम. श्रम नोडच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात. पिव्होटिंग (ओळींची अदलाबदल) लागत नाही, कारण कर्ण-घटक नेहमी शेजाऱ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो.
५. सेटलमेंट = सगळ्या नोडवर साठा × (एकूण भार − दाब) यांची बेरीज. इथे काढून टाकलेले निचऱ्याचे नोडही धरा.

मॅट्रिक्सचे व्यस्त कधीही काढू नका. तीन कर्णांची मॅट्रिक्स व्यस्त केली की पूर्ण भरते, आणि हजार नोडला तीन हजारांऐवजी दहा लाख आकडे सांभाळावे लागतात.

उत्तर बरोबर आहे का

दुहेरी निचऱ्याला निचऱ्याचा मार्ग ५ मीटर, १० नव्हे. ही चूक काळ चौपट करते. ५० टक्के दृढीकरणाला कालगुणक (सीव्ही × काळ ÷ निचऱ्याच्या मार्गाचा वर्ग) ०.१९७, म्हणून काळ ०.१९७ × २५ ÷ २ = २.४६ वर्षे, आणि तेव्हा सेटलमेंट ०.२५ मीटर हवी. ९० टक्क्यांना ०.८४८, म्हणून १०.६ वर्षे आणि ०.४५ मीटर. कालगुणक १ ला ९३.१ टक्के. सुरुवातीच्या टप्प्यात टक्केवारी ही कालगुणक × ४ ÷ पाय (π) याच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणजे ०.१ ला ३५.७ टक्के. हा शेवटचा आकडा नक्की तपासा. ५० आणि ९० टक्के बरोबर येऊनही सुरुवात चुकलेली असू शकते, आणि ढोबळ ग्रिड तिथेच उघडी पडते.

मग कप्पे दुप्पट आणि दर टप्प्याच्या स्टेप दहाच्या वीस करून पुन्हा चालवा. उत्तर अर्ध्या टक्क्याहून जास्त हलले तर पहिली मांडणी अपुरी होती.

सर्वांत कडक कसोटी पाण्याची. बॅकवर्ड ऑयलर वापरत असाल तर दोन्ही कडांतून गेलेल्या पाण्याची बेरीज स्टेपमागून स्टेप ठेवा, निचऱ्याच्या नोडनी सुरुवातीलाच सोडलेले साठा × भार एवढे पाणी तीत मिळवा, आणि सेटलमेंटशी ताडून पाहा. फरक संगणकाच्या राउंड-ऑफएवढाच असला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दशांशावर फरक दिसला तर कुठल्यातरी नोडचा साठा किंवा वहन चुकले आहे. बहुतेक वेळा ते थरांच्या सीमेवर असते.

उभे ड्रेन: वेगळी त्रिमितीय जाळी नको

पट्टी-ड्रेनसाठी (निचऱ्यासाठी जमिनीत उभ्या ठोकलेल्या पट्ट्यांसाठी) प्रत्येक ड्रेनभोवती जाळी विणण्याची गरज नसते. हान्स्बो यांच्या समविकृती उत्तरानुसार सरासरी दाब घातांकाने उतरतो, आणि त्याचा दर ८ × सीएच ÷ (म्यू × प्रभावव्यासाचा वर्ग) असतो. सीएच म्हणजे आडव्या निचऱ्याची सीव्ही, प्रभावव्यास म्हणजे एका ड्रेनच्या वाट्याच्या मातीचा व्यास, आणि म्यू म्हणजे अंतर, ड्रेनचा व्यास आणि ढवळलेली माती यांवरून येणारी संख्या. हा दर × साठा एवढी भर कर्ण-घटकात टाका, इम्प्लिसिटच. मॅट्रिक्स तीन कर्णांचीच राहते आणि उभा निचराही सोबत सुटतो.

त्रिकोणी मांडणीत प्रभावव्यास १.०५ × अंतर, चौकोनी मांडणीत १.१३ × अंतर. १०० × ४ मिलिमीटरच्या पट्टीचा समतुल्य व्यास २ × १०४ ÷ पाय = ६६ मिलिमीटर. १.२ मीटर त्रिकोणी अंतर आणि सीएच ४ चौरस मीटर प्रतिवर्ष घेतले, तर म्यू २.२०, दर ९.१७ प्रतिवर्ष, आणि केवळ आडव्या निचऱ्याने ९० टक्के साधारण ९२ दिवसांत होते. आता ड्रेन ठोकताना ढवळलेली माती धरा: तिचा व्यास ड्रेनच्या तिप्पट, पारगम्यता एक-तृतीयांश. म्यू ४.४० होतो आणि काळ बरोबर दुप्पट, १८३ दिवस. ढवळलेल्या पट्ट्याचे गृहीतक सॉल्व्हरच्या सगळ्या अचूकतेवर मात करते, म्हणून प्रयत्न आधी तो आकडा नीट ठरवण्यावर घाला.

माती अरेषीय असते तेव्हा

एमव्ही आणि पारगम्यता दोन्ही परिणामी ताणासोबत (मातीच्या कणांनी उचललेल्या भारासोबत) घटतात. सामान्यतः दृढ झालेल्या मातीत (जिने आजच्याहून जास्त भार पूर्वी सोसलेला नाही) हे दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात घटले तर सीव्ही स्थिर राहते. १९६५ मध्ये डेव्हिस आणि रेमंड यांनी दाखवले की अशा वेळी सेटलमेंटची टक्केवारी टेरझागींइतकीच येते, पण रंध्रदाब त्यामागे रेंगाळतो, आणि भाराचे गुणोत्तर (अंतिम ÷ सुरुवातीचा परिणामी ताण) जितके मोठे तितका जास्त. म्हणजे पिझोमीटरचे (रंध्रदाब मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन रेषीय सॉल्व्हरशी जुळले नाही तर लगेच सीव्ही बदलायला धावू नये.

पूर्ण अरेषीय सॉल्व्हरमध्ये साठ्याचे पद ‘एमव्ही × दाबातला बदल’ असे ठेवू नका. स्टेपच्या दोन्ही टोकांचा व्हॉइड रेशो (छिद्रे आणि घनकण यांच्या आकारमानांचे गुणोत्तर) ताणावरून थेट काढा आणि त्यांची वजाबाकी वापरा. असे केल्यावर एमव्ही कुठल्या क्षणाचा घ्यायचा हा वाद संपतो आणि पाण्याचा हिशेब आपोआप जुळतो. न्यूटन पद्धतीच्या (फेरीगणिक उत्तर सुधारणाऱ्या) प्रत्येक फेरीत साठ्यासाठी स्पर्शिकेचा एमव्ही घ्या, पारगम्यता मागच्या फेरीची ठेवा. मॅट्रिक्स सममित राहते. फेऱ्या आठच्या वर गेल्या तर स्टेप निम्मी करा.

अडचण येते ती पूर्वदृढीकरण ताणाच्या (मातीने पूर्वी सोसलेल्या कमाल ताणाच्या) वळणावर, जिथे एमव्ही एकदम कित्येक पटींनी वाढतो. न्यूटन त्या बिंदूच्या इकडून तिकडे उड्या मारत राहतो. दुरुस्तीची लांबी निम्मी-निम्मी करत जा, जोवर उरलेला पाण्याचा असमतोल खरोखर घटत नाही. थर त्याच्या जाडीच्या दहा टक्क्यांहून जास्त आवळला जाणार असेल, उदाहरणार्थ ड्रेजिंगचा गाळ किंवा खाणीचा गाळ, तर १९६७ च्या गिब्सन, इंग्लंड आणि हसी यांच्या मोठ्या विकृतीच्या मांडणीकडे वळा. तिथे ग्रिड घनकणांसोबत सरकते.

द्विमितीय आणि त्रिमितीय कपल्ड प्रश्न

बायो यांच्या १९४१ च्या सिद्धान्तात विस्थापन आणि दाब एकत्र सुटतात. सर्व बाजूंनी निचरा होणाऱ्या मातीच्या गोलात मध्यभागी दाब आधी वाढतो आणि मग उतरतो. हा मँडेल-क्रायर परिणाम. तुमचा कपल्ड कोड तो दाखवत नसेल तर कपलिंग चुकले आहे.

विस्थापन आणि दाब दोघांना सारख्याच क्रमाचे एलिमेंट देऊ नका. भार पडल्याच्या पहिल्या क्षणी माती जवळजवळ असंपीड्य असते आणि दाब बुद्धिबळाच्या पटासारखा उलटसुलट येतो. विस्थापन द्विघाती आणि दाब रेषीय असे टेलर-हूड एलिमेंट घ्या, नाहीतर दाबाच्या समीकरणाला वेगळे स्थिरीकरण द्या.

द्विमितीय प्रश्नात थेट विघटनच उत्तम; स्टेप टप्प्यात स्थिर ठेवण्याचे फळ इथे मिळते. त्रिमितीय प्रश्नात थेट विघटनाचे काम अज्ञातांच्या संख्येच्या साधारण वर्गाने वाढते आणि बहुतेकदा मेमरी आधी संपते. तिथे इटरेटिव्ह पद्धत घ्या, आणि फेऱ्या कमी करणारा प्रीकंडिशनर (मॅट्रिक्सची सोपी जवळपासची आवृत्ती) असा ठेवा: विस्थापनाच्या भागाला अल्जिब्रेइक मल्टिग्रिड (ढोबळ आणि बारीक पातळ्यांवर सोडवणारी पद्धत), आणि दाबाच्या भागाला साठा + स्टेप × वहन + कपलिंगची भर. ही भर म्हणजे दाबाची मास मॅट्रिक्स भागिले मातीचा निचरित बल्क मॉड्युलस (पाणी निघू दिल्यावर आवळले जाण्याला मातीचा विरोध). ती वगळली तर लहान स्टेपला फेऱ्या शेकड्यांत जातात.

दोन वेगळे कोड जोडायचे असतील तर आधी विस्थापन स्थिर धरून दाब सोडवणे किंवा दाब स्थिर धरून विस्थापन सोडवणे मोहक वाटते. दाब गोठवून विस्थापन सोडवण्याची रीत मऊ मातीत आणि लहान स्टेपला फुटू शकते. त्याऐवजी सरासरी ताण स्थिर धरून दाब सोडवा, मग विस्थापन, आणि दोन्ही जुळेपर्यंत फिरा. या फिक्स्ड-स्ट्रेस पद्धतीला स्टेपची अट नाही. थांबण्याची मर्यादा मात्र दाबातल्या बदलावर एकटी ठेवू नका. प्रत्येक फेरीनंतर उरलेला पाण्याचा असमतोल मोजा आणि तो त्या स्टेपमध्ये बाहेर गेलेल्या पाण्याच्या हजाराव्या भागाखाली आल्यावरच पुढची स्टेप घ्या. शेवटच्या वर्षांत एका स्टेपमध्ये फारच थोडे पाणी बाहेर पडते, आणि दाबावर ठेवलेली ढिली मर्यादा ते सगळेच्या सगळे गिळू शकते.